अनिवार्य पुनर्विचार

अपंगत्व-भत्त्याचा निर्णय अमान्य असल्यास अपिलापूर्वी तो संबंधित खात्याकडूनच पुन्हा तपासून घेण्याची ब्रिटनमधील वैधानिक पायरी. 2012 च्या कायद्यान्वये 2013 मध्ये ‘वैयक्तिक स्वावलंबन भत्ता’ (पहा : सामाजिक सुरक्षा) सुरू झाला, त्याच वर्षी ती लागू झाली. हा भत्ता आजाराच्या नावावर नव्हे, तर स्वयंपाक, अंघोळ, चालणे अशा कृतींतील अडचणींना मिळणाऱ्या गुणांवर ठरतो. दैनंदिन जीवन व हालचाल या प्रत्येक विभागात 8 गुणांना साधा, 12 गुणांना वाढीव दर मिळतो. फेरतपासणीत गुण घटून भत्ता कमी वा बंद झाल्यास सामान्यतः महिन्याच्या आत पुनर्विचार मागावा लागतो आणि तोही प्रतिकूल ठरल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे (पहा : न्यायाधिकरण) अपील करता येते. न्यायाधिकरण मूळ निर्णयाच्या दिवशीची स्थितीच पाहते, हे विशेष महत्त्वाचे. नंतर बळावलेला आजार त्याच्या कक्षेत येत नाही.