छद्मविज्ञान आणि विज्ञानशिक्षण : वर्धा जिल्हा

विज्ञानाची भाषा बोलणारी, पण तपासणीची वेळ आली की काढता पाय घेणारी समजूत म्हणजे छद्मविज्ञान. अंधश्रद्धेशी तिचे नाते जवळचे, तरी फरक आहे. अंगात आलेल्या देवीला पुरावा विचारायची सोयच नसते. चुंबकाच्या पट्ट्याने गुडघे बरे करणारा मात्र ‘सायंटिफिक’ पुरावा खिशात घेऊन फिरतो. वर्धा जिल्ह्यात या दोन्हींशी गाठ पडली ती शाळेत, दवाखान्यात आणि विहिरीच्या काठावरही.

सर्वांत बोलके उदाहरण महारोगाचे, म्हणजे कुष्ठरोगाचे. हा मागच्या जन्मीच्या पापाचा भोग, अशी समजूत घट्ट होती आणि तिच्या घट्टपणाचे एक कारण रोगातच दडलेले आहे. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा उमटेपर्यंत अनेकदा पाच-पाच वर्षे जातात. शिवाय बहुतेक माणसांत या जंतूशी झुंजण्याची शक्ती उपजतच असते. एका घरात दहाजण राहतात आणि एकालाच रोग होतो, तोही कधीतरी. कारण आणि परिणाम यांच्यात एवढी फट पडली की ती पापाने भरून काढणे सोपे जाते. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू दाखवून दिला, पण ती बातमी गावकुसापर्यंत यायला पाऊण शतक लागले.

मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. परचुरेशास्त्री हे कुष्ठरोग झालेले संस्कृतचे पंडित १९३९ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात आले, तेव्हा गांधी स्वतः त्यांना मालिश करीत. आश्रमात परचुरे कुटी आजही दाखवतात. ही सेवा झाली. शिक्षण म्हणावे असे काम उभे राहिले ते १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाच्या हातून. डॉ. वर्देकर यांच्या काळात तिथे जी पद्धत रुळली, तिचे तीन पाय होते : सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. कार्यकर्ता घरोघर जाई, फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगे आणि कापसाच्या वातीचे टोक त्यावरून फिरवी. ‘कुठं लागलं, बोट ठेवा.’ शेजारच्या निरोगी कातडीवर बोट अचूक पडे, चट्ट्यावर वात फिरली तरी हात जागचा हलत नसे. पाहायला जमलेल्या शेजाऱ्यांसाठी तोच धडा. पापाला बधिरपणाची सीमारेषा आखता येत नाही, रोगाला येते. डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या त्यानंतर. ही पद्धत पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमात गेली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी बहुऔषधी उपचार ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत वर्धा होता. कायद्याला मात्र उशीर झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ मध्ये रद्द झाली.

शाळेच्या अंगाने पाहायचे तर वर्ध्याचे नाव त्याआधीच झालेले होते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने आखलेली योजना ‘वर्धा योजना’ किंवा नयी तालीम म्हणून ओळखली जाऊ लागली. ती सूतकताईची शाळा म्हणून आठवली जाते, त्यात थोडा अन्याय आहे. तिच्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानाला रीतसर जागा होती, अगदी ताऱ्यांच्या ओळखीपर्यंत. सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग यांनी तिथल्या गणिताची आठवण लिहिली आहे : गोठ्यातल्या गाईंसाठी पाण्याची टाकी केवढी हवी? उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते. गाय दिवसाला किती पाणी पिते, इथून मोजायला लागायचे. ती शाळा पुढे बंद पडली. २००५ पासून त्याच परिसरात आनंद निकेतन ही शाळा भरते.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. वर्ध्याहूनच नोव्हेंबर १९३३ मध्ये हरिजन यात्रेला निघालेल्या गांधींनी १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा ठरवले. रवींद्रनाथांनी हरकत घेतली; गांधींनी ती ‘हरिजन’ साप्ताहिकात छापली आणि खाली स्वतःचे म्हणणेही सोडले नाही. हेतू कितीही चांगला असो, ते अनुमान कुष्ठरोगाला पाप म्हणणाऱ्यांच्याच जातीचे होते.

सर्पदंशाचे गणितही कुष्ठरोगासारखेच फसवे. जिल्ह्यात चावणाऱ्या सापांत बिनविषारी पुष्कळ, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाने कडुलिंबाचा डहाळा फिरवलेले बरेच रोगी उठून घरी जातात. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांनी विष सोडलेले असले की तो डहाळा निकामी ठरतो आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी पोचायला लागलेला एकेक तास महागात पडतो. बरा झालेला पारावर गोष्ट सांगतो. न झालेल्याच्या घरचे ‘वेळच आली होती’ म्हणतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि चारच दिवसांत या कायद्याचा वटहुकूम निघाला. विदर्भात या कामाची पायवाट श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने १९८२ पासून पाडली होती.

आता विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या. हा मंत्र म्हणत नाही. ‘भूगर्भातल्या लहरी’ म्हणतो, म्हणून या नोंदीतला छद्मविज्ञानाचा खरा नमुना तोच. दुबेळक्याची फांदी, तांब्याच्या वाकवलेल्या सळ्या किंवा तळहातावर आडवा ठेवलेला नारळ. नारळ उभा राहिला की तिथे खुणेचा दगड. हाताचे स्नायू आपल्या नकळत हलतात आणि तोल सुटायला तेवढे पुरते. शिवाय काळ्या पाषाणावरच्या झिजलेल्या मुरमात विहीर खणली तर थोडेफार पाणी बहुतेक ठिकाणी लागतेच. म्युनिकजवळ १९८०च्या दशकात एका कोठारात निवडक पाणाड्यांची चाचणी झाली : खालच्या मजल्यावर सरकवता येणारा पाण्याचा नळ, वर पाणाडे. निकालांची पुढे फेरतपासणी झाली तेव्हा त्यांत नशिबापलीकडचे फारसे काही उरले नाही. शेतकऱ्याला मूर्ख ठरवणे मात्र सोपे आणि चुकीचे. बोअरला लागणारे पैसे कर्जाचे असतात आणि पाणाड्या सांगितल्या दिवशी बांधावर हजर असतो. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा भूवैज्ञानिक तसाच येईल, याची खात्री त्याला नसते.

श्रद्धा आणि विज्ञान शेजारी शेजारी बसलेले ठिकाणही जिल्ह्यात आहे : समुद्रपूर तालुक्यातला गिरडचा डोंगर, त्यावर शेख फरीद यांचा दर्गा. डोंगरावर गोल गोल दगड सापडतात. दोन व्यापाऱ्यांनी या फकिराची टिंगल केली, त्याने त्यांचा नारळासह सगळा माल दगड करून टाकला आणि ते दोघे त्याचे सेवक झाले, अशी कथा. बेसॉल्टच्या पोकळ्यांत जमणारी झिओलाइट खनिजे ही त्या गोट्यांची दुसरी ओळख. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिल्या आणि पुढच्या गावाकडे वळले.