गोधडीचं जुनेपण कशात असतं?

नाशिक जिल्ह्यातलं इगतपुरी घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्याच्या पाठोपाठ येणारी थंडी, अशा मुलखात अंथरायला-पांघरायला गोधडी लागायचीच. शहरांतल्या प्रदर्शनांत ‘पारंपरिक’ म्हणून मांडलेल्या नव्या गोधड्या मात्र बहुतेक कोऱ्या कापडाच्या असतात. इरकली काठाची पट्टी, खणाचे चौकोन, ठशांची छपाई आणि आत पॉलिएस्टरचा भराव. त्या देखण्या असतात, हे मान्यच आहे. पण जुन्या गोधडीचं रूप उचलून तिची रीत मागे ठेवली, तर वारशातला सगळ्यात मोलाचा भाग हातून जातो, असं मला वाटतं. ते रूप कुणी आधी कागदावर आखलेलं नव्हतं. घरात त्या वेळी जे कापड विरलं, त्याच्यातून ते येत गेलं.

याचा पुरावा कापडातच सापडतो. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी 1854 साली काढली आणि 1 जानेवारी 1865 रोजी कसारा-इगतपुरी हा अवघड घाटातला लोहमार्ग खुला झाला. गिरणीच्या स्वस्त कापडाला देशावर चढायला वाट मिळाली. हातमागाच्या लुगड्याशेजारी छापील चीट आलं, सदऱ्याची धड राहिलेली पाठ आली, धोतराचं पान आलं. पुढे नायलॉन आणि टेरिकॉट घराघरांत पोचलं, 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईतल्या बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत, आणि गोधडीच्या वरच्या थरात सिंथेटिक साड्या दिसू लागल्या. यांतली अस्सल गोधडी कोणती म्हणायची? प्रत्येक गोधडी आपापल्या काळाच्या कापडाशी प्रामाणिक होती. शिवाय नव्या-जुन्याची सांगड घालणं या रिवाजातच होतं. घटस्थापनेआधी, पाऊस ओसरताना, घरातल्या गोधड्या नदीवर नेऊन आपटून धुतल्या जात. वरचं कापड फाटलं की त्यावर दुसरं लुगडं चढवायचं आणि कडेपासून आत येत पुन्हा धावदोरा घालायचा. म्हणून एखाद्या जड गोधडीच्या पोटात तिच्याहून जुनी गोधडी असते, आणि म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे नमुने जसेच्या तसे फार थोडे उरले आहेत. जिची आज हुबेहूब नक्कल करतात, ती गोधडी कधी एका रूपात थांबलेलीच नव्हती.

यावर कुणी म्हणेल की सुती लुगडी आता आहेत कुठे? सिंथेटिक साडी घाम टिपत नाही, अंगावरून घसरते, कितीही धुतली तरी मऊ पडत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि कोरं सुती कापड वापरण्यात काही गैर नाही. तरीही चादरी, परकर, धोतरं, सुती शर्ट, शिंप्याकडच्या चिंध्या हे सगळं आजही निघतंच. अस्तराला याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या यंत्रमागांचं कापड घेतलं, तर ती आजच्या नाशिकची गोधडी होईल. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. ही रीत टंचाईतून आली, बायकांनी दिवसभराचं काम उरकून, बिनमोल श्रमांतून ती चालवली; तिचे गोडवे कशाला गायचे? गाऊ नयेत. पण रूपाची नक्कल केल्याने त्या श्रमांना न्याय मिळत नाही, उलट ते वगळले जातात. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहातल्या जुन्या रजयांच्या प्रतिकृती काढायचा परवाना दिला. त्या चीनमध्ये तयार होऊन स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा तिथल्या रजई शिवणाऱ्या स्त्रियांनी जोरदार निषेध केला. नमुना उचलता येतो, छापता येतो, कुठेही पाठवता येतो. हाताचा धावदोरा मात्र दर वेळी कुणाला तरी बसून घालावाच लागतो. म्हणून नव्या गोधडीवरच्या चिठ्ठीत डिझाइनच्या नावाआधी कापड कुठून आलं आणि टाके घालायला किती दिवस लागले हे लिहावं, आणि शिवणारीची मजुरी त्या दिवसांवर ठरावी.