महालक्ष्म्यांची पेटी

सण मांडावा कसा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सण आवरावा कसा, हे सांगायला मात्र घरातली एखादी वृद्ध बाईच लागते. आपल्या अमरावती-अकोल्याकडचाच दाखला घ्या. भाद्रपदातल्या गौरींना आपण वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतो. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मुळावर निरोप घेतात. तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, वर टांगलेला फुलोरा, कशाकशाचे म्हणून वर्णन करावे? पण चौथ्या दिवशी काय होते, ते कधी नीट पाहिले आहे का? पाहुणे गेलेले असतात, मखर उतरलेले असते, आणि सासूबाई एक जुनी पत्र्याची ट्रंक पुढे ओढून सुनेला म्हणतात, “जपून धर वं, नाकाला धक्का लागू देऊ नको.” वाचकहो, आज आपण या ट्रंकेचीच हकीकत पाहू. ती वऱ्हाडची हकीकत आहे.

आपल्या सणांत दोन तऱ्हेच्या वस्तू असतात, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. काही वस्तू जाण्यासाठीच आलेल्या असतात, तर काही राहण्यासाठी. मातीचा गणपती पाण्यात जातो, पत्री निर्माल्यात जाते, केळीचे खांब गुराढोरांच्या पुढ्यात पडतात. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेले बेगड चार दिवसांत निघून जाते. झूल आणि घुंगरमाळा मात्र खुंटीवरून उतरून पुढच्या पोळ्यासाठी बांधून ठेवल्या जातात. महालक्ष्म्यांचे तसेच. त्यांचे विसर्जन म्हणजे अक्षता वाहून मुखवटा जागचा किंचित हलवणे. देवी गेली, पण मुखवटा घरातच राहिला. आता तो वर्षभर सांभाळायचा, ही जबाबदारी घराकडे आली.

पूर्वी ही जबाबदारी पार पाडणे सोपे होते, कारण घरेच साठवणीसाठी बांधलेली असत. महालक्ष्मीच्या धडाला आपल्याकडे कोठी म्हणतात, आणि धान्य ठेवतात तीही कोठीच! हे उगीच नव्हे. पोकळ कोठीत गहू, तांदूळ, ज्वारी भरायची, वर मुखवटा ठेवायचा, लुगडे नेसवायचे, की झाली महालक्ष्मी उभी. धान्याने भरलेले भांडे हेच देवीचे शरीर. सण संपला की ते धान्य पुन्हा घरखर्चात येई. ज्या गावच्या पांढरीत ज्वारीची पेवे खणलेली असत, त्या गावाला साठवणीची विद्या वेगळी शिकवावी लागत नव्हती. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण सहज बोलून जातो. ते शब्द या जमिनीतल्या कोठारांतूनच भाषेत आले. पेव उघडले की धान्याची रास बाहेर पडे, म्हणून.

मग काळ पालटला. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. आगगाडीचा रस्ता अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावला आणि त्यापाठोपाठ अमरावतीला कापसासाठी फाटे निघाले. गाड्या कापूस घेऊन जात, आणि येताना काय आणीत? विलायती कापड, घासलेटचे डबे, लोखंडी पत्रा. रिकामा डबा फेकून देईल तो वऱ्हाडी कसला! आपल्या कारागिरांनी पत्रा कापला, डाग दिला आणि त्याचे कंदील केले, मापे केली, पेट्या केल्या. महालक्ष्मीची कोठीही पत्र्याची झाली. ज्वारीच्या शेतात पऱ्हाटी उभी राहिली, घरातले धान्य कमी झाले नि बाजारातले वाढले. ज्या घरी कोठार होते, त्या घरी ट्रंक आली. सण तोच राहिला, पण तो ठेवण्याची जागा बदलली.

ट्रंकेत ठेवण्याचेही एक शास्त्र आहे बरं का. ते बायकांनी अनुभवाने बसवले आहे, आणि त्यातले बरेचसे आजच्या ज्ञानालाही पटण्यासारखे आहे. भाद्रपद म्हणजे पावसाळ्याचा शेवट. हवेत ओल असते. म्हणून जाणत्या बाया सण संपताच सामान लगेच कोंडत नाहीत. अश्विनातले कोरडे ऊन पडू लागले, की वस्त्रे सावलीत वाऱ्यावर टाकतात आणि मग बांधतात. पितळेचा मुखवटा चिंचेने लख्ख होतो खरा, पण चिंचेचा आंबटपणा कानाकोपऱ्यांत राहिला तर वर्षभरात हिरवा कळंक चढतो. तेव्हा तो भरपूर पाण्याने धुवावा आणि अगदी कोरडा करावा. शाडूच्या वा प्लास्टरच्या रंगीत मुखवट्याला पाणी लावूच नये. मऊ कोरड्या फडक्याने नुसती धूळ झटकावी. नाक आणि कान हे नाजूक भाग, त्यांच्याभोवती कोरडा कापूस द्यावा. आपल्या वऱ्हाडात कापसाला काय तोटा? वर्तमानपत्राचा कागद मात्र थेट चेहऱ्याला लावू नये, शाई उतरते. जरीचे वस्त्र जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळावे, आणि दर दोन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर मोडीवर जर तुटते. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवतात. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्या. त्या जरीला आणि रंगाला चिकटू देऊ नयेत.

फडक्यात बांधून ठेवण्याची ही रीत केवळ स्वयंपाकघरातली नव्हे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असत, आणि त्या गठ्ठ्याचे नावच ‘रुमाल’ पडले. इतिहास शोधणारा माणूस आधी रुमाल सोडतो. तुम्ही म्हणाल, कुठे राज्याचे दफ्तर आणि कुठे आमची ट्रंक! पण विचार करून पाहा. दफ्तरात निदान कागद आहेत, त्यांवर तिथी आहे, सही आहे. आपल्या ट्रंकेत वस्तू आहेत, पण त्यांच्यावर काहीच लिहिलेले नाही. जे काही आहे ते एका म्हातारीच्या तोंडी आहे.

१८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला, त्या भाद्रपदात तुमच्या घरच्या कोठ्या कशाने भरल्या होत्या? दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून कापडावर नियंत्रण आले, तेव्हा महालक्ष्म्यांना कोणती लुगडी नेसवली? १९७२ च्या दुष्काळात सोळा भाज्या मिळाल्या, की चारांवर भागवले? मुखवटा त्या सर्व वर्षांत उभा होता. त्याने सारे पाहिले आहे, पण तो सांगणार कसा? जे सांगू शकत होते, ते एकेक करून गेले.

यात आणखी एक अडचण आहे. भाऊ वेगळे झाले तर शेत वाटता येते, घरात भिंत घालता येते. पण महालक्ष्म्या बहुतेक घरांत वाटत नाहीत. त्या सहसा वडील भावाकडे राहतात आणि बाकीचे वर्षातून एकदा तिथे जमतात. बोलणे बंद असलेले भाऊही त्या दिवशी एका पंगतीत बसतात, ही त्या मुखवट्यांची कमाई. पण आज मुले पुण्या-मुंबईला, त्याही पलीकडे परदेशी गेली आहेत. फ्लॅटला माळा नाही, माजघर नाही. एक दिवस ट्रंक कुणाकडे तरी जाईल. ज्याला तिची हकीकत ठाऊक आहे, त्याच्या हाती तो मुखवटा आजीचा असेल. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती तो अमुक इतक्या वजनाचे पितळ असेल.

म्हणून वाचकहो, एक काम सुचवतो. यंदा महालक्ष्म्या उठल्या, की ट्रंक बंद करण्यापूर्वी एक साधी वही आत ठेवा. मुखवटे कुणी आणले, कोणत्या गावाहून, साधारण कोणत्या साली. हे लुगडे कुणाचे. रंग पुन्हा केव्हा दिला. हे सारे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहा. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोडा. मग दरवर्षी दोन ओळी वाढवा: पाऊस कसा झाला, कापसाला भाव काय मिळाला, कोण आले, कोण येऊ शकले नाही. त्याला पाच मिनिटे पुरतात. वही फडक्यात बांधा, मुखवट्याशेजारी ठेवा आणि मग कडी लावा. पुढच्या भाद्रपदात जी कुणी ती कडी काढील, तिला मुखवट्याआधी ती वही हाती लागेल.