तांदळाची पेज : बौद्ध आशियाचे रोजचे अन्न

बुद्धपौर्णिमेला आपल्या विहारांत खीरदान होते. सुजाताने सिद्धार्थ गौतमांना दिलेल्या खिरीची ती आठवण. पण वर्षभर बौद्ध देशांतील घराघरांत शिजते ती बिनगोड पेज, आणि तिचा धम्माशी संबंधही तितकाच जुना आहे.

पाली विनयपिटकात पेजेला ‘यागु’ म्हणतात. महावग्गात अंधकविंद गावची हकीकत आहे. एका ब्राह्मणाने भिक्खुसंघाला यागु आणि मधाचे लाडू दिले, तेव्हा तथागतांनी यागुचे दहा गुण सांगितले : आयुष्य, वर्ण, सुख, बळ व प्रतिभा मिळते, भूक शमते, तहान भागते, वात सरतो, मूत्राशय शुद्ध होते, न पचलेले पचते. जपानच्या सोतो झेन विहारांत सकाळची पेज घेण्यापूर्वी या दहा गुणांचा उल्लेख असलेली गाथा आजही म्हटली जाते. चीनमध्ये बाराव्या चांद्र महिन्याच्या अष्टमीला डाळी, बोरे, दाणे घातलेली ‘लाबा’ पेज विहारांतून लोकांना वाटतात. थायलंडचा जोक, व्हिएतनामचा चाओ, कोरियाचा जुक ही सारी हिचीच भावंडे. श्रीलंकेत मात्र नारळाच्या दुधात भात घट्ट शिजवून किरीभाताच्या वड्या पाडतात, सोबत झणझणीत लुनुमिरिस.

आपल्या वस्त्यांत पेज, कण्या म्हटले की गरिबीचे दिवस आठवतात. पाहुण्यांपुढे ते कोणी ठेवत नाही. व्हिएतनाममधला ‘कोम ताम’ म्हणजे कणीचा भात, तोही एकेकाळी गरिबांचाच. आज सायगॉनच्या हॉटेलांत लोक तो आवडीने मागवतात. आपल्या आज्यांनी ज्यावर घरे जगवली, त्या कण्यांची लाज आपण का बाळगावी?

प्रवासाला जाणाऱ्यांनी एक समजून घ्यावे. बौद्ध देशातले जेवण शाकाहारीच असेल असे नाही. मांसमासे वर्ज्य करण्याची देवदत्ताची मागणी बुद्धांनी फेटाळली होती, हे आपल्याला ताटावरून उपदेश करणाऱ्यांनीही वाचावे. थायी जोकमध्ये बहुधा डुकराच्या खिम्याचे गोळे असतात. ज्यांना ते नको, त्यांनी थायलंडमध्ये ‘जे’ लिहिलेला पिवळा झेंडा शोधावा. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ म्हणून मागावे.

घरी करायची तर एक वाटी तांदळाला आठ-नऊ वाट्या पाणी, आल्याचा तुकडा, मीठ. मंद आचेवर तासभर ठेवावी, अधूनमधून ढवळावी. वर उकडलेले अंडे किंवा कांद्याची पात. सुकटीची चटणी असेल तर उत्तमच.