भाताच्या खुंटांतील सोयाबीन

भाताची कापणी आटोपली, कीं शेतांत उरलेल्या ओलीवर वाल पेरावयाचा, हें कोंकणांत बालपण घालविलेल्यांस ठाऊक असेलच. जावा बेटांतील शेतकऱ्यानें हीच युक्ति सोयाबीनसाठीं योजिली. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सोयाबीनचें मूळ घर चीन. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत अंबोन बेटीं राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ रंफियस १७०२ सालीं वारला. त्याचा ग्रंथ १७४१ ते १७५० या काळांत आम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्यांत जावांतील सोयाबीनचें वर्णन आहे. अर्थात् हें पीक तेथें त्यापूर्वींच रुजलें होतें.

जावांत साधारणतः मे ते सप्टेंबर हा कोरडा ऋतु. भात निघाल्यावर शेतकरी पाणी काढून टाकतो, नांगर न घालतां काठीनें भोंकें पाडून खुंटांशेजारीं बीं टोकतो व वर पेंढा पसरतो. त्यामुळें ओल टिकते, तण दबतें, आणि सुमारें तीन महिन्यांत शेंगा हातीं येतात.

१९२० सालीं अमेरिकेंत गार्नर व ॲलर्ड यांनीं दाखविलें, कीं झाडाचें फुलणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. जावांत दिवस बारा तासांच्या आसपासच. उत्तरेकडील जात तेथें नेली, तर ती खुजी असतांनाच फुलते. स्थानिक जाती मात्र त्या दिवसमानास सरावलेल्या असतात.

दुसरी अडचण बियाण्याची. उष्ण, दमट हवेंत त्याची उगवणशक्ति कांहीं महिन्यांतच जाते. म्हणून पावसाळ्यांत जिराईत जमिनींत पिकलेलें ताजें बीं कोरड्या ऋतूंत भातखाचरांत जातें, आणि तेथील बीं पुन्हां जिराइतीकडे. तें कोठारांत निजत नाहीं. शेतांतून शेतांत फिरतें.

या दाण्यापासून केलेलें आंबविलेलें टेंपे हें तेथील गरिबांचें अन्न. इंडोनेशियाचें सोयाबीनचें उत्पन्न १९९२ सालीं अठरा लाख टनांवर गेलें. पुढें स्वस्त परदेशी दाणा आला व पेरा घटला. २००८ च्या जानेवारींत जगाच्या बाजारीं भाव चढतांच जाकार्ता शहरांत टेंपे करणाऱ्यांनीं मोर्चा काढला.

पेरा थांबला, कीं बियाण्याची सांखळी तुटते. आणि तुटलेली सांखळी पैशानें एका दिवसांत जोडतां येत नाहीं. शाळेंत मीं सनावळ्या पाठ करून घेतल्या. त्या पुस्तकांत टिकतात. शेतांतील विद्या मात्र दर हंगामीं पेरावी लागते.