पुस्तक कुणी निवडायचं? : मराठीतल्या दृष्टिहीन वाचकांचा इतिहास



आजचा विषय दृष्टिहीनांच्या वाचनाचा आहे, आणि सुरुवात आपल्या दोन जिल्ह्यांपासूनच करू. सातारा आणि सांगली ही मुळात जोडलेली माणसं. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. पुस्तकांच्या बाबतीतही दोघांची जोडी आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. पुढे त्या योजनेचा विस्तार ठरला तेव्हा पलूस तालुक्यातल्या अंकलखोपचं नाव त्यात आलं. तिथलंच औदुंबर, जिथं १९३९ पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं.

आता असं समजा, की एक दृष्टिहीन वाचक भिलारला गेला. हवा त्याला कळेल, स्ट्रॉबेरीची चव कळेल. पण कपाटातलं छापील पुस्तक हातात घेतलं, तर पहिलं पान आणि शेवटचं पान बोटांना सारखंच गुळगुळीत. हे असं कधीपासून झालं, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

कारण पूर्वी असं नव्हतं. श्रावणात पोथी लागायची. वाचणारा एक आणि ऐकणारं सगळं आळं. त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे ओसरीवर बसलेला अंध माणूस आणि त्याच्या शेजारचा डोळस शेतकरी, दोघांचं पुस्तकाशी नातं एकच होतं : कानाचं. कीर्तन तसंच, पोवाडा तसाच. मग छपाई आली, शाळा आल्या, आणि वाचन म्हणजे एकट्यानं, मनातल्या मनात, डोळ्यांनी करायची गोष्ट झाली. डोळस शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला आणि वाचक झाला. अंध माणूस ओसरीवरच राहिला. छपाईनं पुष्कळांना आत घेतलं, हे खरंच. पण तिनं काहींना बाहेरही ठेवलं.

बाहेर राहूनही वाचणारे होते. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले. लोक त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणत. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन ते वेदान्तापर्यंत पोचले आणि स्वतःही विपुल ग्रंथरचना केली. पण त्यांच्याभोवती शिष्य होते. सर्वसाधारण अंध मुलाला वाचून दाखवणार कोण? घरातली बहीण, शेजारची काकू, शाळेतला मित्र. वाचणारा थकला की पुस्तक थांबतं. त्याला नकोसं वाटलेलं पान त्यानं गाळलं, तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि काही पुस्तकं अशी असतात, की ती मोठ्यांदा वाचून दाखव असं बहिणीला सांगता येत नाही! सोबत होती, पण निवड नव्हती.

निवडीचा पहिला रस्ता ब्रेलनं काढला. लुई ब्रेल या फ्रेंच तरुणानं १८२९ साली, विसाव्या वर्षी, आपली सहा टिंबांची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनची आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल ही अंधशाळा निघाली. पुण्यात १९३४ साली अंधशाळा आली. पण भारतात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालू होत्या. १९५१ साली सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ मान्य झाली.

तिची एक गंमत सांगतो. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी येते आणि क नंतर. ब्रेलमध्ये तसं नाही; आधी क, मग इ, म्हणजे जसा उच्चार तसा क्रम. ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांची टिंबं वेगळी. आपल्या बोलण्यात हा फरक जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून नुसतं ऐकून वाचणाऱ्याला शब्द कळतो, पण तो लिहायचा कसा ते कळत नाही. बोटांनी वाचणाऱ्याला कळतं. ब्रेल आता कशाला हवं, असं कुणी विचारलं तर हे उत्तर लक्षात ठेवा.

ब्रेलची अडचण मात्र वजनाची. कागद जाड, टिंबं मोठी. एका कादंबरीचे अनेक खंड होतात. टपाल खातं अंधांसाठीचं साहित्य सात किलोपर्यंत विनामूल्य नेतं, ते काही उगाच नाही. वर्तमानपत्राची वाट तर मराठी वाचकाला फार पाहावी लागली. स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं ते १५ फेब्रुवारी २००८ रोजी. लुई ब्रेलच्या पद्धतीनंतर जवळजवळ १८० वर्षांनी!

दुसरा रस्ता आवाजाचा. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांना त्या वयात ब्रेल शिकणं अवघड गेलं. त्यातून बोलक्या पुस्तकांची कल्पना पुढे आली आणि १९३०च्या दशकात अमेरिका-इंग्लंडमध्ये तबकड्यांवर पुस्तकं आली. आपल्याकडे १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे ‘नॅब’, स्थापन झाला आणि पुढे बोलकी पुस्तकं, कॅसेटी आल्या. १९६३ साली आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या घरांत साहित्य पुन्हा कानावाटे येऊ लागलं. पण रेडिओवर काय लागणार ते केंद्र ठरवणार, आणि कॅसेटवर काय उतरणार ते वाचून देणारे ठरवणार. शिवाय कॅसेट एकट्यानंच ऐकायची.

खरा बदल संगणकानं केला. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली. त्यातली एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांच्या प्रयत्नांतून सुरू झाली. पण तिला मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपली कितीतरी मराठी पुस्तकं जुन्या फाँटांत जुळवलेली. डोळ्यांना सुरेख मराठी दिसतं, आणि स्क्रीन रीडरला मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. स्कॅन केलेलं पान तर त्याला नुसतं चित्र. याउलट उदाहरण आपल्या वाईचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथं मराठी विश्वकोश घडला. पहिला खंड १९७६चा. आज तो युनिकोडमध्ये इंटरनेटवर आहे, त्यामुळे अंध विद्यार्थी कुणाची मनधरणी न करता हवी ती नोंद उघडतो.

कायदाही बदलला. २०१२च्या दुरुस्तीनं अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती काढायला प्रताधिकार आड येईनासा झाला. २०१३चा मराकेश करार सर्वांत आधी, २०१४ साली, भारतानं कायम केला. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आलं. परवानगी मिळाली, पण परवानगीनं पुस्तक तयार होत नाही, ते कुणीतरी करावं लागतं.

आणि आता ऑनलाइन वाचकगट. महिन्याचं पुस्तक ठरतं, त्याची फाइल तपासून सगळ्यांकडे जाते. कुणी दुप्पट वेगानं ऐकतं, कुणी ब्रेलवर वाचतं, अल्पदृष्टीचे अक्षर मोठं करून वाचतात. ठरल्या संध्याकाळी झूमवर जमायचं. साधा फोन असेल तरी चालतं : स्टार नऊ दाबला की हात वर, स्टार सहा दाबला की आवाज सुरू. बोलण्याआधी नाव सांगायचं, एवढाच शिष्टाचार. मग कादंबरीचा शेवट फसला की जमला यावर भांडण. जत तालुक्यातला माणूस आणि कोयनेकाठचा माणूस एकाच ओसरीवर. फरक एवढाच, की या पोथीत प्रत्येकानं स्वतः वाचलेलं असतं आणि पुढची पोथी कोणती ते सगळे मिळून ठरवतात.

२०११च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. म्हणून या सभागृहातल्या लेखकांना आणि प्रकाशकांना एक विनंती. पुस्तक छापायला गेलं की त्याची युनिकोड फाइल जपून ठेवा, आणि कुणी मागितली तर द्या. ग्रंथपालांनी आपल्या चर्चेला फोनवरून येता येईल एवढी सोय करावी. आणि आपण सगळ्यांनी, दृष्टिहीन मित्र भेटला तर ‘काय वाचून दाखवू?’ एवढंच विचारू नये. ‘सध्या काय वाचतोयस?’ हेही विचारावं.

इथं थांबतो.