नाशिकच्या टपाल तिकिटांतील कागदाची तंतुदिशा

टपाल तिकिटाचे परीक्षण करताना चित्र, रंग व जलचिन्ह पाहण्याचा प्रघात आहे. कागदातील तंतू कोणत्या दिशेने निजले आहेत याची चौकशी सहसा होत नाही. नाशिकरोड येथे १९२५ साली स्थापन झालेल्या सरकारी मुद्रणालयाच्या तिकिटांबाबत ही उपेक्षा विशेष खटकते.

हातकागदाचा कारागीर साचा उभाआडवा हलवीत असल्याने त्यातील तंतू बहुधा सर्व दिशांस विखुरतात. १७९९ साली फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर याने ज्या यंत्राचे एकस्व घेतले, त्याच्या वंशातील यंत्रांवर मात्र लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बहुसंख्य तंतू गतीच्या दिशेने वळतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या अंगाने कितीतरी अधिक पसरतो. घडी व फाडही तंतूंच्या अनुरोधाने सरळ जाते.

१९३१ साली नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त निघालेली सहा तिकिटे नाशिक येथे शिळामुद्रणाच्या पद्धतीने, दोन रंगांत छापली गेली. या पद्धतीत पाण्याचा संबंध अटळ. पहिल्या व दुसऱ्या रंगाच्या छपाईमध्ये ताव किंचित जरी पसरला, तरी दोन्ही ठसे एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा ताव यंत्रात कोणत्या अंगाने घालावा, हा मुद्रकाच्या दृष्टीने गौण प्रश्न नव्हे.

या तिकिटांवरील ताऱ्यांचे जलचिन्ह आडवे आहे. काही प्रतींत तारे डावीकडे, काहींत उजवीकडे वळलेले दिसतात. संग्राहक या भेदाला मोल देतात. पण तो ताव उलट्या टोकाने घातल्याचाच निदर्शक असेल, तर तंतुदिशा त्यामुळे बदलत नाही. ताव काटकोनात फिरविला तरच ती बदलते. एवढ्यावरून आडवे जलचिन्ह म्हणजे आडवे तंतू असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. कारण कागदगिरणीतील जलचिन्हाच्या रुळावर तारे कसे बसविले होते, यावर सारे अवलंबून असते.

निर्णय कागदाकडूनच घ्यावा लागतो. डिंक धुतलेले वापरलेले तिकीट ओलसर तळहातावर ठेवले असता ते नळीसारखे वळते आणि त्या नळीचा अक्ष तंतुदिशेला समांतर असतो. कोऱ्या तिकिटावर हा प्रयोग करू नये, डिंक जातो. ते बोटांत हलकेच दोन्ही अंगांनी वाकवून पाहावे; ज्या अंगाने कमी विरोध होतो, त्या घडीची रेषा तंतूंची.